करणी कबूल

अंबुबाईनं नातवाचं तोंड पदराखाली घेतलं, एवढंच झालं. दाक्षायणी वाचनालयातून घरी परतत होती. भवानी पेठेतल्या त्यांच्या बोळाच्या फरश्या उन्हानं तापून चपलेतूनही चटका देत होत्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून मागांचा खडखडाट पाझरत होता, आणि ओट्यावरच्या सावलीच्या पट्ट्यात शेजारची अंबुबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दाक्षायणी नेहमीसारखी वाकली आणि तिनं बोट पुढं केलं. ते बोट बाळानं मुठीत धरायचं, तोंडात घालायचं आणि तिनं "चावतोस होय रे चोरा" म्हणायचं, असं त्या दोघांचं ठरलेलं होतं. आज अंबुबाईनं बाळ उचलून पलीकडच्या खांद्यावर घेतलं, वरून पदर ओढला आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, "झोपलंय गं ते." पदराखाली बाळ जागं होतं. त्याचा पाय हलत होता, पायातला वाळा वाजत होता. दाक्षायणीचं बोट हवेतच राहिलं. ते तिनं सावकाश, कुणाला कळू नये असं परत घेतलं. मग घरापर्यंतची पावलं तिला स्वतःची वाटेनात. कुणीतरी आपल्याला चालताना बघतंय आणि आपण त्याच्यासाठी चालतोय, असं वाटत राहिलं.

पदर ओढायची ही तऱ्हा तिच्या ओळखीची होती. पीएच.डी.साठी भानामती हा विषय घेतल्यापासून ती अक्कलकोटच्या बाजूची खेडी पालथी घालत होती. कुणाच्या घरावर दगड पडतात, कुणाच्या दांडीवरच्या लुगड्याला आपोआप आग लागते, कुणा पोरीच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुठं बायका कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, आणि मग गाव बसून ठरवतं की ही करणी कुणाची. ठरवायला गावाला फार वेळ लागत नाही. एखादी एकटी असते, एखादी तोंडाची फटकळ असते, एखादीची नुसती जमीन कुणाच्या बांधाला लागून असते. अशी बाई रस्त्यानं निघाली की आया पोरांची तोंडं कशी झाकतात, हे दाक्षायणीनं पुष्कळ ठिकाणी पाहिलं होतं आणि प्रबंधात त्यावर एक शांत, नीटनेटका परिच्छेदही लिहिला होता. त्यात एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, कारण तेव्हा ती तिला माहीतच नव्हती. जिच्यापासून मूल झाकतात तिला क्षणभर स्वतःलाच शंका येते की आपल्या नजरेत खरंच काही असेल का.

घरी आई, सावित्रम्मा, तव्याच्या कडेला भाकरी उभी करून कडक करत होती. दाक्षायणीनं विचारलं, "अव्वा, अंबुमावशी तुला काही बोलली का?" सावित्रम्मानं मान वर केली नाही. "बोलायला कशाला लागतंय? कामवाली तुझ्या खोलीत शिरत नाही. मी झाडते. डोळे मिटून झाडते." खोलीत काय होतं? गावोगावी तिला मिळालेल्या वस्तू. सुया टोचलेलं, वाळून दगड झालेलं लिंबू, चिंध्यांची काळी बाहुली, बिब्बे, एका घराच्या उंबऱ्याखाली सापडलेला केसांचा गुंता. तिच्या लेखी ते पुरावे होते. वडील चनबसप्पा कोनापुरे सुताचे व्यापारी. मुलगी काय शिकते असं कुणी विचारलं की ते अभिमानानं "पीएच.डी." म्हणत, आणि कशात असं विचारलं की "मराठीत" म्हणून हिशेब मिटवत. त्यांचं हे अर्धं उत्तर आजवर तिला गमतीचं वाटायचं. आज भाकरीचा घास गिळताना तिला वाटलं, अप्पा उरलेलं अर्धं उत्तर खिशात दडवून हिंडत होते. बोळानं त्यांचा खिसा कापला.

त्या दुपारी तिला चंद्रव्वाची आठवण सारखी येत राहिली. बोरहळ्ळीला चंद्रव्वाचं घर विचारलं, तेव्हा गावातल्या कुणी हात करून दाखवलं नव्हतं. सगळ्यांनी हनुवटीनं दाखवलं होतं. ओढ्याच्या पलीकडं एक खोपट, दारात दोन शेळ्या, आणि आत पन्नाशीची, उंच, ताठ मानेची बाई. बोलताना तिचे ओठ आत ओढले जायचे. तिनं आधी तांब्याभर पाणी पुढं ठेवलं आणि दाक्षायणी ते पिते की नाही हे बघत राहिली. दाक्षायणी प्यायली, तेव्हा कुठं ती बोलायला लागली. तिच्या दिराची सून भुंकायला लागली होती. गावानं चंद्रव्वाला चावडीसमोर धरलं आणि पुढचे दात, वरचे आणि खालचे, उपटले. दात नसले की मंत्राचे शब्द सरळ उमटत नाहीत आणि करणी फिरत नाही, असा समज. "चिमटा लोहाराचा व्हता," चंद्रव्वा म्हणाली होती. "लोहार रडत व्हता बग. पर चिमटा घट धरला त्यानं." हे सांगताना तिचा आवाज शेळीची किंमत सांगावी तसा होता. काहीतरी दिलंच पाहिजे म्हणून दाक्षायणी म्हणाली होती, "मावशी, मी लिहीन, तुम्ही काही केलं नव्हतं असं लिहीन."

"तसं लिवू नगं."

"का?"

"न्हाय न्हाय म्हनून बगितलं की. न्हाय म्हनतानाच दात गेलं. मग एक दिस दिराचा ल्योक माज्या बांधात नांगर घालाया आला. म्या नुसती हुबी ऱ्हायले आन् म्हनलं, व्हय, येतंय मला. घाल नांगर. बैलं तितंच सोडून पळालं की ते! तवापास्नं व्हय म्हनते. जगते."

दाक्षायणीला राग आला होता. हा राग नक्की कुणावर, हे तिला तेव्हा कळलं नाही, पण ती बोलून गेली, "तुमच्या अशा व्हय म्हणण्यानं उद्या दुसऱ्या कुणा बाईचे दात जातील." चंद्रव्वानं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्ये बी खरं हाय." निघताना चंद्रव्वानं एक गोष्ट सांगितली. सात बहिणी देवी होत्या. सहा जणींना लोकांनी देवळं बांधली आणि सातवीच्या वेळी दगड संपले म्हणाले. ती म्हणाली, बरं, मग मी तुमच्या घराघरांत राहीन. तीच भानामती. दाक्षायणीचे मार्गदर्शक सर ही कथा ऐकून हरखले होते. "ह्यावर भर द्या," ते म्हणाले, "दैवतकथा, प्रतीकं, तुलना. ते दातांचं प्रकरण गाळा. तो पोलिसांचा विषय आहे, साहित्याचा नव्हे." तिनं मान डोलावली होती. त्या डोलावलेल्या मानेची तिला आता लाज वाटत होती.

पदराच्या त्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत अंबुबाईचं बाळ आजारी पडलं. ताप आणि जुलाब. आधी घरचं औषध झालं, मग अंगारा, आणि मग गुरप्पा आला. गुरप्पा देवऋषी. मोठं कपाळ, त्याहून मोठा भस्माचा पट्टा. बाळाच्या डोक्यावरून मूठभर मीठ उतरवून त्यानं ते विस्तवात टाकलं, तडतड ऐकली आणि सांगितलं की ह्या बोळात काळ्या विद्येची पुस्तकं वाचणारी बाई हाय, माट म्हंजी करणी करणारी हाय, लगीन न झालेली हाय. नाव त्यानं घेतलं नाही. नाव घ्यायचं काम त्यानं बोळावर सोपवलं. संध्याकाळी चनबसप्पा दुकानातून लवकर घरी आले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. टोपी गुडघ्यावर आली की बोलणं अवघड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"नुसतं चुकलं म्हण," ते म्हणाले. "अंबुबाईच्या दारात एक नारळ फोड. तिच्या हातचं कुंकू लावून घे. संपलं."

"काय चुकलं, अप्पा?"

"ते मला काय ठाऊक? माणसं म्हणतात."

"मी चुकलं म्हटलं की मी केलं असं होईल."

"नाही म्हटलंस तरी होतंयच की, बाळ."

ते भांडत नव्हते. त्यांचा आवाज घाबरलेल्या माणसाचा होता, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तिला सहन होईना. "नारळ फोडणार नाही," ती म्हणाली. सावित्रम्मा आतून म्हणाली, "अक्कलकोटचं स्थळ येणार हाय." "येऊ दे. त्यांनाही सांगेन, नारळ फोडला नाही म्हणून." आपल्याच आवाजातली धार ऐकून तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली. नळाला नेहमी घागरींची झोंबाझोंबी. आज बायका गप्प झाल्या, एकीनं आपली घागर बाजूला घेतली, मग दुसरीनं. तिची घागर आधी भरली. पाणी भरत असताना तिच्या मनाला एक गार, गोड झुळूक लागली. हिला भितात. मला भितात. ह्यापूर्वी तिला कधी कुणी भ्यालं नव्हतं. घागर कमरेवर घेऊन दहा पावलं गेल्यावर त्या गोडीची तिला इतकी शिसारी आली की पाणी ओतून द्यावंसं वाटलं. तिनं ते ओतलं नाही. ती घरी आली आणि दिवसभर त्या झुळुकेशी भांडत बसली. माणूस अशानंच चेटकीण होत असेल का? मंत्रानं नव्हे, तर बाजूला घेतलेल्या घागरीनं?

त्याच दुपारी बाळाच्या आईचा आवाज आला. रडण्याचा नव्हता. "नको हो, नको," एवढंच, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. दाक्षायणी कधी उठली आणि चप्पल न घालता कधी अंबुबाईच्या दारात पोचली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. खोलीत धूर होता. शेगडीत सळई लाल होत होती, गुरप्पा फडक्यानं तिचं टोक धरून बसला होता, आणि अंबुबाईनं बाळाचं अंगडं वर करून पोट उघडं धरलं होतं. डाग द्यायचे होते, बेंबीभोवती. सून भिंतीला टेकून उभी होती. बाळ रडत नव्हतं, आणि ते न रडणंच सगळ्यांत भयंकर होतं. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, टाळू खाली बसलेली.

"आली बघा," गुरप्पा म्हणाला. "आपल्या पायानं आली. केलेली करणी बोलावून घेती."

दाक्षायणीच्या डोक्यात सगळं तयार होतं. स्वच्छ वाक्यं, मुद्देसूद, तळटिपांसकट. ती म्हणाली, "मावशी, बाळाच्या अंगातलं पाणी गेलंय. त्याला ताबडतोब दवाखान्यात..." तिचे शब्द धुरात शिरले आणि तिथंच राहिले. अंबुबाई तिच्याकडं बघत होती, पण ऐकत नव्हती. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त भीती होती, आणि भीतीपलीकडं काही पोचत नव्हतं. गुरप्पानं सळई बाहेर काढली. तिचं टोक सोनेरी दिसत होतं. बघायला ते सुंदर होतं.

"व्हय," दाक्षायणी म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. तो कुठून आला हे तिला माहीत होतं.

"व्हय. मीच केलंय. ठेव ती सळई." खोलीतली एक बाई दाराकडं सरकली आणि दारात दाक्षायणी उभी आहे हे पाहून तिथंच थिजली. "माझी करणी डागानं सुटत नसते. डाग दिलात तर ती आत बसेल आणि पोर घेऊन जाईल. सुईनं बांधलीय, सुईनंच सुटंल. सरकारी दवाखान्यात सुई टोचतात, तिथं न्या. आत्ता न्या. ऊन उतरायच्या आत सुई लागली नाही, तर मलाही सोडवता यायची नाही."

"खोटं बोलती," गुरप्पा म्हणाला, पण बसल्या जागेवरून.

दाक्षायणीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "तुझ्यावर करून दाखवू?" गुरप्पानं सळई शेगडीत परत ठेवली. खोलीत तिच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास त्याचाच बसला असावा.

टांगा आला. अंबुबाई बाळाला छातीशी धरून मागं बसली, सून तिच्याशेजारी, आणि दाक्षायणी पुढं टांगेवाल्याजवळ. घोड्याच्या टापांबरोबर तिच्या मनात एकच वाक्य पुढं-मागं होत होतं, काय बोललीस, काय बोललीस. दवाखान्यात बाळाला सलाईन लावलं. त्या इवल्याशा हाताची शीर शोधायला नर्सला वेळ लागला आणि सुई आत गेली तेव्हा अंबुबाईनं दाक्षायणीकडं पाहून हात जोडले. डॉक्टरकडं नाही. डॉक्टर म्हणाला, "वेळेवर आणलंत." दाक्षायणी व्हरांड्यात गेली आणि खांबाला टेकून खाली बसली. बाळ जगलं. चार दिवसांनी ते घरी आलं. पण त्याआधीच बोळाला सगळं कळलं होतं: कोनापुऱ्यांच्या पोरीनं आपल्या तोंडानं कबूल केलं, करणी घातली आणि करणी काढली. सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर नारळ, हळदीकुंकू आणि पुरणाच्या होळिगेचं ताट ठेवलेलं सापडलं. माणसाला देतात तसं ते दिलेलं नव्हतं. कोपिष्ट देवीपुढं ठेवावं तसं ते ठेवलेलं होतं, आणि ठेवणारी पळून गेली होती.

"खोटं का बोललीस?" सावित्रम्मानं विचारलं.

"खरं बोलून बघितलं की, अव्वा."

सावित्रम्मानं ताट उचललं, क्षणभर हातात धरलं आणि मग त्यातली होळिगे मोडून अर्धी तोंडात घातली. "तूप चांगलं घातलंय अंबुबाईनं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्कलकोटचं स्थळ आलं नाही. चनबसप्पा काही दिवस खाली मान घालून दुकानात जात राहिले. मग एकदा, म्हणे, पेठेत कुणीतरी हसत विचारलं, शेट, तुमच्या घरात काय काय चालतंय? तेव्हा ते पेढीवरून उठून रस्त्यावर आले आणि म्हणाले, "माझीच मुलगी आहे ती. बोला, काय म्हणणं आहे तुमचं?" हे त्यांनी घरी सांगितलं नाही. दुकानातल्या गड्यानं सांगितलं.

दाक्षायणीला मात्र स्वस्थता नव्हती. एक पोर वाचलं, आणि ज्या समजुतीविरुद्ध ती उभी राहिली होती ती समजूत आता तिच्याच नावानं बोळात पक्की झाली होती. उद्या कुठल्या दुसऱ्या बोळात, कुठल्या दुसऱ्या बाईला लोक म्हणतील, ती कोनापुऱ्यांची कबूल झाली तशी तूही कबूल हो. चंद्रव्वाला सुनावलेलं वाक्य आता ती स्वतःला सुनावत होती, आणि उत्तर तेच येत होतं, त्ये बी खरं हाय. दोन्ही खरं होतं. ह्या दोन खऱ्यांच्या मधे उभं राहायला जागा फार थोडी होती, आणि तिनं ठरवलं की तिथूनच लिहायचं. सरांना तिनं नवं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात चावडी होती, चिमटा होता, रडणारा लोहार होता, आणि शेवटी प्रस्तुत लेखिकेनं दिलेली कबुली होती.

"हे घेता येणार नाही," सर म्हणाले. "संशोधकानं विषयापासून हातभर लांब राहावं."

"मी लांबच होते, सर. विषय जवळ आला."

"पदवी अडकेल."

"अडकू दे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते, फक्त दमलेले होते. पदवी अडकली, पण सुटलीही. दीडेक वर्षानं मिळाली, आणि एका परीक्षकानं शेरा मारला की लेखिकेला आवश्यक ती अलिप्तता राखता आलेली नाही. तो शेरा तिनं घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि चनबसप्पांना अलिप्तता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "मग बरोबरच लिहिलंय की त्यानं," ते म्हणाले.

त्यानंतर एका संध्याकाळी एक अनोळखी बाई दारात येऊन उभी राहिली. विड्या वळून काळी पडलेली बोटं, एका डोळ्याभोवती सूज. नाव नरसम्मा. पलीकडच्या पेठेतली, मागावर काम करणाऱ्याची बायको, घरात तेलुगू बोलणारी. "अक्का," ती म्हणाली, "तुमी करता म्हणे. माझ्या नवऱ्याचा हात वाळवून द्या. उजवा."

"मला काहीच येत नाही," दाक्षायणी म्हणाली. "मंत्र नाही, तंत्र नाही. खरंच सांगते."

"मग ते बाळाचं?"

"ते डॉक्टरनं केलं."

नरसम्माचा चेहरा पडला. ती उंबऱ्याबाहेर खाली बसली. मग मान वर करून तिनं विचारलं, "तुमाला येत नाय तर नाय. पण त्याला वाटतंय ना, येतंय म्हणून?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या परीक्षकापुढं देता आलं नसतं. दाक्षायणीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि चप्पल घातली. "अव्वा, जाऊन येते." दाक्षायणी आणि नरसम्मा पेठेतून निघाल्या. एका घराची खिडकी मिटली, एका ओट्यावरची पोरं आत गेली. दाक्षायणी भिंतीच्या कडेनं चालली नाही, रस्त्याच्या मधून चालली. भीती तिच्याही पोटात होती, आणि ती गोड झुळूकही होती. भीती आणि झुळूक, दोन्ही बरोबर घेऊनच ती चालत होती. नरसम्माचा नवरा दारात बाजेवर उताणा पडला होता. आधी त्यानं बायकोला पाहिलं आणि शिवी देण्यासाठी तोंड उघडलं. मग त्यानं तिच्यामागं पाहिलं. तो उठून बसला, आणि मग उभा राहिला.

"कोण तुमी?" त्यानं विचारलं, पण त्याला माहीत होतं.

दाक्षायणीनं काही पुटपुटलं नाही, हात उचलला नाही. तिनं आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि म्हणाली, "मी उद्या पण येणार आहे."